देणाऱ्याचं नाव

पुनावळ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर आयटीतल्या एक बाई राहतात. परवा लिफ्टमध्ये त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. एक माणूस मांडीवर गिटार आडवी ठेवून, डोळे मिटून गात होता. "हा ब्लूज गाणारा सुगत सोनकांबळे. चाकणला तुमच्याच कंपनीत होता म्हणे! तुम्ही ओळखायच्या का याला?" मी म्हटलं, "ओळखायचे की." त्या आणखी काही विचारणार तेवढ्यात माझा मजला आला आणि मी सुटले. माझं तोंड बघून त्यांना वाटलं असेल, बाईंचा याच्यावर काहीतरी राग दिसतोय. राग नाही. मला शिसारी येते. ती नेमकी कुणाची, हे लिफ्टमध्ये सांगता येण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमची कंपनी पिस्टनमध्ये बसणारी पोलादी पिन बनवते. बोटाएवढी, आतून पोकळ, वरून गुळगुळीत. मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर. पिन मापायची, बरोबर असेल तर क्रेटमध्ये, नसेल तर लाल पेटीत टाकायची. सुगत ग्राइंडिंगच्या मशीनवर होता आणि त्याने घासलेल्या पिना माझ्याकडे यायच्या. आमची ओळख तिथली.

आम्ही दोघंही तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सात महिने काम करायचं, मग कॉन्ट्रॅक्टर 'ब्रेक' देतो. महिना-दीड महिना घरी बसायचं. मग पुन्हा भरती, नवीन कार्ड, नवीन पहिला दिवस. मशीन तेच, माणूस तोच, पण कागदावर तो दर वेळी नव्याने जन्माला येतो. म्हणजे सलग नोकरीचा हक्क सांगायची सोयच नाही. मी असे सहा ब्रेक खाल्ले, सुगतने पाच. ही पद्धत ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्यासाठी माझ्याकडे शब्द आहेत, पण ते छापण्याजोगे नाहीत.

शेडमध्ये आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नावं नव्हती. "ए ग्राइंडिंग, इकडे ये." "ए इन्स्पेक्शन, रिपोर्ट कुठाय?" असं चालायचं. सुगतला ते सहन व्हायचं नाही. तो आला त्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, नाव काय तुमचं?" मी म्हटलं, "वैशाली." तर म्हणे, "पूर्ण सांगा." फरशी पुसणाऱ्या मावशी, कँटीनचा पोळ्या लाटणारा, माल न्यायला आलेला ट्रकचा ड्रायव्हर, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा ऐकलेलं नाव तो विसरायचा नाही. दोन वर्षांनी परत आलेल्या ड्रायव्हरला गेटवर पूर्ण नावाने हाक मारली, तर तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं पोलीस केस आहे. सुपरवायझर कावायचा, "तुला काय जनगणनेचं काम दिलंय काय?" सुगत शांतपणे म्हणायचा, "न्हाई साहेब. पण माणूस हाय तर नाव असणारच ना."

सुगत सोनकांबळे हे नाव मी बदललेलं आहे. त्याला हे मुळीच आवडलं नसतं.

ही खोड वडिलांची. वडील लातूरकडून पिंपरीला आले, फाउंड्रीत लागले. दिवसा भट्टीपुढे आणि सुट्टीला गायन पार्टी. जयंतीच्या दिवसांत महिनाभर कार्यक्रम असायचे; आज या वस्तीत, उद्या त्या. सुगत शाळकरी वयापासून त्यांच्यामागे बेंजोवर. बेंजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला, मांडीवर आडवा ठेवून एका हाताने बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, तो. त्या पार्ट्यांची एक रीत होती. गाणं रंगात आलं की ऐकणारा उठून बक्षिसाची नोट द्यायचा. मग गाणं कुठेही असो, थांबवायचं. देणाऱ्याचं नाव वस्तीसकट माइकवर घ्यायचं, 'मंडळ आभारी आहे' म्हणायचं, आणि जिथं सोडलं तिथून पुढे.

एकदा दापोडीच्या कार्यक्रमात एका म्हाताऱ्या बाईने नोट दिली. सुगतच्या वडिलांनी पुकारलं, "हरिभाऊ यांच्या मातोश्रींकडून बक्षीस." म्हातारी खुर्चीवर बसलीच नाही. तिथूनच ओरडली, "मला मपलं नाव हाय की रं!" मंडप हसला. सुगतचे वडील हसले नाहीत. बाजा थांबवून स्टेजवरून खाली उतरले, बाईपाशी गेले, नाव विचारलं, परत वर चढले आणि तिचं पूर्ण नाव दोनदा पुकारलं. मग सुगतकडे वळून म्हणाले, "गानं आपलं आसल, पन देनाराचं नाव त्याचं हाय. नाव चुकलं की गानं फुकट गेलं." हे सांगताना सुगतचा आवाज अगदी वडिलांसारखा व्हायचा, असं त्याची आई म्हणायची.

पुढे वस्त्यांमध्ये डीजेच्या भिंती आल्या आणि पार्ट्या बसल्या. कुणी बंद करा म्हणालं नाही, कुणी बोलावलंच नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या पार्टीतले सात जण सात कंपन्यांमध्ये माल उचलत होते. बेंजोच्या तारा गंजल्या. सुगत आमच्याकडे पिना घासायला लागला.

ब्लूज त्याला ब्रेकमध्ये सापडलं. ब्रेकमध्ये आमच्यातले बरेच जण घरोघरी जेवण पोचवण्याचं काम धरायचे, तसं त्यानेही धरलं होतं. मारुंजीला एका बिल्डिंगमध्ये बिर्याणी घेऊन गेला, तर आतून गाणं ऐकू आलं. इंग्रजी. शब्द एक कळेना, पण सुगत बेल न दाबता दाराशी उभा राहिला. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही ऐकलं. मग बेल दाबली. बिर्याणी गार. आतल्या साहेबाने याची तक्रार नोंदवली आणि त्याचं दोन दिवस काम बंद झालं. तिसऱ्या दिवशी हा स्वतःच्या पेट्रोलने परत त्याच दारात. साहेबाला वाटलं मारायला आलाय. त्याने जाळीचं दार उघडलंच नाही, आतूनच ओरडला, "सिक्युरिटीला बोलवू का?" सुगत म्हणाला, "भांडायला न्हाई आलो सर. परवा तुमच्याकडं गाण्यात रडत होते त्या बाबांचं नाव विचारायला आलो." त्या माणसाने जाळीआडूनच नाव सांगितलं, दार उघडलं नाही. पाणी तर सोडाच. सुगत ही गोष्ट हसत हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही.

त्या नावावरून मोबाइलवर आणखी नावं सापडली. परदेशातले काळे शेतमजूर, गिरणीत राबलेले, तुरुंगात गेलेले, एकटेच गिटार घेऊन बसलेले. कंपनीच्या बसमध्ये तो कानात वायर घालून तेच ऐकायचा. मी एकदा विचारलं, "ही माणसं एकच ओळ दोनदा का म्हणतात रे?" त्याने कानातली वायर काढली. मग म्हणाला, "ताई, आमच्या पार्टीत वडील ओळ म्हणायचे आणि मागचे कोरस धरायचे. ह्यांच्या मागं कोण न्हाई. पार्टी घरी गेली आणि गाणारा एकटा राहिला, म्हणून स्वतःचा कोरस स्वतःच धरतो." मी इन्स्पेक्शनची बाई, मला गाण्यातलं काय कळतंय? पण हे मला कळलं.

हॉस्टेल सोडून जाणाऱ्या एका पोराकडून त्याने जुनी गिटार घेतली. शिकवायला कुणी नव्हतं. त्याने ती बेंजोसारखीच मांडीवर आडवी ठेवली, तारा बेंजोसारख्या लावल्या आणि वाजवू लागला. तारांवरून घसरवायला काहीतरी गुळगुळीत, जड, पोकळ हवं होतं. ते तर आमच्या लाल पेटीत ढिगाने पडलं होतं.

आता कुणीही एक रिजेक्ट पिन खिशात टाकून बाहेर नेली असती. शेवटी ती भंगारातच जायची. पण सुगत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "ताई, गेटपास लागंल." मी म्हटलं, "एका पिनेसाठी?" तर म्हणे, "वस्तू कुणाची हाय ते कागदावर आलं पायजे." त्याने फॉर्म भरला: एक नग, रिजेक्ट पिन, कारण 'वाजवण्यासाठी'. मी सही केली. स्टोअरवाल्याने तो फॉर्म सगळ्या शेडला वाचून दाखवला. मॅनेजरच्या केबिनमधून कागद परत आला, 'कारण स्पष्ट करा'. सुगतने खाली लिहिलं, 'गिटार वाजवण्यासाठी'. पुन्हा परत. अकरा दिवस तो कागद फिरला. गेटवर सिक्युरिटीने पिन उलटीपालटी करून पाहिली, आतून फुंकून पाहिली. याच गेटमधून मोठ्या साहेबांच्या गाड्यांच्या डिकीत काय काय जायचं ते आम्ही सगळे बघत होतो. पण पिन मात्र फुंकून बघितली.

मग वाकडच्या एका जागी त्याला गायला मिळालं. हॉटेल म्हणावं तर जेवायला कुणी आलेलं नसतं, आणि बार म्हणावं तर त्यांना राग येतो. तिथे शनिवार-रविवार मोठे बँड. आमच्याकडे औद्योगिक सुट्टी गुरुवारची, आणि गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे माशा मारायची वेळ. म्हणून सुगतला गुरुवार दुपार. त्याने मराठीत स्वतःचे शब्द बांधले होते.

सात महिने भरले साहेब, आठव्याला घरी,
सात महिने भरले साहेब, आठव्याला घरी,
मशीनला पक्का नंबर, माझी कच्ची नोकरी.

लॅपटॉप उघडून बसलेली पोरं-पोरी मान डोलवायची. 'नोकरी' शब्दावर टाळ्या द्यायची, जणू त्यांना काल ब्रेक मिळालाय. कुणीतरी नोट पुढे केली आणि सुगतने गाणं मधेच थांबवून नाव पुकारलं, तेव्हा तिथे हशा पिकला. मग तो खेळच झाला. पोरं मुद्दाम नोट द्यायची आणि नाव म्हणून काहीतरी अचकट-विचकट सांगायची, सुगतच्या तोंडून ते माइकवर ऐकायची आणि टेबलं बडवायची. सुगत दोन वेळा फसला. तिसऱ्यांदा गिटार बाजूला ठेवून त्या टेबलापाशी गेला. "दादा, हे नाव न्हाई. खरं सांगा, न्हाईतर नोट परत घ्या." त्या पोराचं तोंड उतरलं. खालच्या आवाजात त्याने खरं नाव सांगितलं. सुगतने ते माइकवर घेतलं, वाकडसकट, आदराने. मी त्या दिवशी तिथे होते. त्या पोराच्या कानाखाली वाजवावी असं वाटत होतं, आणि हा त्याला 'श्रीयुत' म्हणत होता.

आता कंपनीकडे येते. त्या वर्षी आम्ही साठेक कॉन्ट्रॅक्ट कामगार परमनंट करा म्हणून युनियनकडे गेलो होतो. अध्यक्ष गेटवर सभा घ्यायचे. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "साठच्या साठ आत घेतल्याशिवाय मी मॅनेजरच्या हातचा चहासुद्धा पिणार नाही." आम्ही घोषणा द्यायचो. आणि मग शेडमध्ये कुजबुज सुरू झाली की साठ नाही, अकरा. अकरा जणांची यादी तयार आहे. बाकीच्यांनी गप्प बसायचं. त्या अकरांत माझं नाव होतं आणि सुगतचंही. बाकीचे एकोणपन्नास आमच्याकडे कसे बघायचे ते मी सांगत नाही. आम्ही त्यांच्याकडे बघायचंच बंद केलं, एवढं सांगते.

मी त्रेचाळीस वर्षांची होते. चाकणमध्ये त्रेचाळीस वर्षांच्या बाईला नवीन कॉन्ट्रॅक्टर घेत नाही. ब्रेकमधून परत बोलावलं नाही की संपलं. सुगतच्या आईला त्याच्या नावापुढे एकदा 'परमनंट' बघायचं होतं. नवऱ्याचं फाउंड्रीतलं कार्डही शेवटपर्यंत बदली कामगाराचंच होतं. तेव्हा अकरांत असणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही नीट कळत होतं.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा वाकडला ऐकायला गेले. सुगतचं ते सात महिन्यांचं गाणं चालू होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर स्टेजकडे पाठ करून एक जण बसला होता, समोर दुसरा. समोरचे आमचे एचआर मॅनेजर. त्यांनी सुगतकडे दोनदा बघितलं असेल, पण ओळखलं नाही. कॉन्ट्रॅक्ट कामगाराचं तोंड ओळखायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. पाठमोरे होते ते युनियनचे अध्यक्ष. समोर चहा नव्हता, एवढं मात्र खरं. तिथे कोणी कंपनीचं येणार नाही याची दोघांना खात्री होती. गाणं मराठीत, दु:खाचं. अध्यक्षांना पोटात गेलेल्या मालामुळे भरून आलं असावं. त्यांनी मागे न बघताच वेटरच्या हाती नोट दिली, स्टेजकडे पाठवली.

सुगतने वेटरला विचारलं, "कुणी दिली?" वेटरने बोट दाखवलं. सुगतने त्या टेबलाकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. तो माइककडे वाकला.

"आमच्या चाकणच्या कंपनीचे एचआर मॅनेजर," आणि पूर्ण नाव. "आमच्या युनियनचे अध्यक्ष," आणि पूर्ण नाव, गावासकट. "दोघांकडून एकाच टेबलावरून बक्षीस. मंडळ आभारी आहे."

ती दोन नावं मी इथे लिहीत नाही. हिंमत नाही म्हणा.

अध्यक्ष गर्रकन वळले. मॅनेजरसाहेब खुर्ची सरकवून उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. सुगत गाण्याची पुढची ओळ गात होता. बाहेर पडल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. "तुला कळलं नाही का रे काय करतोयस ते?" तो म्हणाला, "कळलं की. पण नोट घ्यायची आणि नाव घ्यायचं न्हाई, हे कसं चालंल ताई?" मी म्हटलं, "मग नोट घ्यायची नव्हतीस." त्यावर तो म्हणाला, "बक्षीस परत करायला त्यांनी नाव खोटं सांगितलं नव्हतं."

स्टेजजवळच्या टेबलावरच्या एका मुलीने गाण्याचा व्हिडिओ काढला होता. त्यात टेबल दिसत नव्हतं, फक्त सुगत दिसत होता आणि त्याचा आवाज. शनिवारपर्यंत तो सगळ्या चाकणच्या मोबाइलवर होता. एकोणपन्नास जणांनी गेटवर अध्यक्षांना घेरलं. त्या एकोणपन्नास जणांनीच लेबर ऑफिसात तक्रार दिली, की यादी दारूच्या टेबलावर ठरली आहे, करार रद्द करा. पुरावा म्हणून व्हिडिओ जोडला.

मग निरोप आला. मॅनेजरकडून आला की अध्यक्षांकडून, कळलं नाही. तोपर्यंत त्या दोघांत फरक करायची गरज उरली नव्हती. सुगतने लिहून द्यायचं की ते दोघे तिथे नव्हतेच. दिलं, तर अकरा जणांच्या परमनंटच्या ऑर्डर निघतील. नाही दिलं, तर अकराच्या अकरा घरी.

त्या गुरुवारी सकाळी आम्ही दहा जण चिखलीला सुगतच्या खोलीवर गेलो. साहेब गेले नाहीत, अध्यक्ष गेले नाहीत. आम्ही गेलो. कागद टाइप करून आणला होता. त्याच्या आईने दहा जणांना चहा केला. कप पुरेनात म्हणून शेजारून आणले. कंपनीत नवीन कुणी आलं की आम्हीच हसत सांगायचो, हा माणूस नाव विचारल्याशिवाय सोडत नाही. त्याच माणसाला आम्ही सांगत होतो की तू नाव खोटं घेतलंस असं लिही.

मावळातला दत्ता आमच्यात मोठा. तो म्हणाला, "भावा, एका सहीचा तर प्रश्न हाय. आमी काय तुला जीव द्यायला सांगतोय व्हय?"

सुगतने कागद वाचला. 'सदर दोन्ही व्यक्ती त्या ठिकाणी उपस्थित नव्हत्या. मी गंमत म्हणून त्यांची नावे घेतली.' पुन्हा वाचला.

"गंमत म्हणून, हे काढता येईल का?" त्याने विचारलं.

"टाइप झालंय रे आता," दत्ता म्हणाला.

मग सुगत माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तर होता तिथं."

मला तेव्हा खूप काही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "सुगत, सातवा ब्रेक मला झेपायचा नाही रे."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "यादीत कोण कोण हाय, एकेकाने नाव सांगा." आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो वाट बघत राहिला. दत्ताने नाव सांगितलं. सुगत म्हणाला, "पूर्ण." मग दहाही जणांनी, एकामागून एक, खाली बघून, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट आपापलं नाव सांगितलं. मीही सांगितलं. सगळी ऐकून झाल्यावर त्याने पेन मागितलं आणि सही केली. त्याची आई आतून बाहेर आली नाही.

तक्रार बारगळली. महिन्याने यादी लागली. दहा नावं. अकरावं नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, की संबंधित कामगाराने स्वतःच खोटी विधाने केल्याचं लेखी कबूल केलंय, अशा माणसाला कायम कसं करणार? म्हणजे जी सही आमच्यासाठी केली, तीच त्याला लावली. त्याचा पाचवा ब्रेक सुरू होता, सहाव्या भरतीला त्याचं कार्ड निघालं नाही. दत्ताने शेडमध्ये पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. तो घशाखाली उतरला, हेच मला अजून पटत नाही. मॅनेजरची, अध्यक्षांची किळस यायला काही लागत नाही; ती कुणालाही येईल. पण आरशात बघून दात घासताना येते ती वेगळी. पुनावळ्याचा हा फ्लॅट त्याच नोकरीच्या कर्जावर आहे.

त्यानंतर सुगत पुढे गेला. बंगळुरू, मुंबई, दिल्ली. वाकडच्या मॉलच्या हिरवळीवर संध्याकाळी त्याचा कार्यक्रम आहे असा बोर्ड लागला, तेव्हा मी गेले. मागे उभी राहिले. स्टेजवर लोखंडी पिंपं रचली होती, एक खोटी चिमणी उभी केली होती. सुगतला कंपनीचा असतो तसा निळा ड्रेस घातला होता आणि गालावर, कपाळावर काळं फासलं होतं. आमच्या ग्राइंडिंगला काळं लागत नाही. पांढरं पाणी उडतं. पण विचारतो कोण.

तो माइककडे वाकला. "चाकणला कंपनीत असताना माझा डावा हात मशीनमध्ये गेला," तो म्हणाला. "गिटार सरळ धरता येईना. म्हणून मांडीवर घेतली." लोक हळहळले. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने डोळे पुसले. माझ्या अंगावर काटा आला, रागाने. खोटं नाव घेतलं म्हणून भर कार्यक्रमात टेबलापाशी जाऊन जाब विचारणारा हा माणूस, आणि आता स्वतःच धडधडीत खोटं विकतोय. मला वाटलं, चला, हाही गेला. शेवटी हाही त्यातलाच निघाला. आणि खरं सांगते, मनातून जरा बरंही वाटलं.

पहिली खेप संपल्यावर मी स्टेजच्या मागे गेले. त्याने लगेच ओळखलं, पूर्ण नावाने हाक मारली, खुर्ची दिली. दत्ताची चौकशी केली. दहाही जणांची केली, एकेकाचं नाव घेऊन. मला ते ऐकवेना.

"हात कधी गेला रे तुझा मशीनमध्ये?" मी विचारलं.

तो हसला. रुमालाने गालावरचं काळं पुसू लागला. "सगळे विचारतात ताई, कंपनी का सोडली? काहीतरी सांगावंच लागतं."

"मग खरं सांग ना. घाबरतोस कुणाला?"

तो रुमाल हातात घेऊन थांबला. "खरं सांगायचं म्हटलं तर त्या दोघांची नावं परत घ्यावी लागतील," तो म्हणाला. "आता मला ऐकणारे लई झालेत. नाव घेतलं की ते एकोणपन्नास जण दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसात. करार उघडला की पहिली जाईल ती तुमची दहा जणांची ऑर्डर. तुम्हाला अजून किती वर्षं हायत, ताई?"

"अकरा," मी म्हणाले.

"मग अकरा वर्षं माझा हात मशीनमध्ये गेला," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग हवा होता. त्याने आईमाईवरून शिवी दिली असती तर मी ती पदरात घेऊन निवांत घरी गेले असते.

बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली, दुसरी खेप सुरू व्हायची होती. 'सांगून टाक' एवढंच मला म्हणायचं होतं. दोन शब्द. ते अगदी ओठांवर आले होते. मी म्हणाले, "आवाज छान लागलाय रे आज."

"थँक्यू, ताई," तो म्हणाला. मेकअप करणाऱ्या पोरीने पुढे केलेल्या डबीतून बोटाने काळं घेतलं, पुसलेल्या गालावर पुन्हा लावलं आणि पायऱ्या चढून वर गेला. गिटार मांडीवर घेतली आणि नव्याने जमलेल्या लोकांना, हात मशीनमध्ये कसा गेला, ते पहिल्यापासून सांगू लागला.